कारणाच्या रकान्यातला ताप

जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत आमच्या शाळेत एकाही मुलाला जुलाब झाले नाहीत. कुणाचा घसा सुजला नाही, कुणाचा कान ठणकला नाही, कांजिण्या तर फाटकापर्यंतही आल्या नाहीत. आला तो फक्त ताप. शाळेच्या दप्तरी तशी लेखी नोंद आहे. त्यातल्या दोन नोंदींखाली माझी सही आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

'आमची शाळा' म्हणजे माझी मुलगी आम्रपाली जिथे ज्युनिअर केजीत जाते ती. आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, शाळा नदीपलीकडे, व्हॅनने वीस मिनिटं. शाळेचं नाव लिहीत नाही. नावात 'इंटरनॅशनल' आहे, पण तेवढ्यावरून ती सापडायची नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या पाटीवरही तो शब्द आहे.

शाळा प्रत्येक मुलाला एक डायरी देते. डायरीत शेवटी गैरहजेरीचं पान. तारीख, वार, कारण, पालकांची सही, असे चार रकाने. वर सूचना: नोंद पालकांनी स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, पूर्ण शब्दांत करावी. खाली बारीक अक्षरांत दुसरी सूचना: खोटं कारण आढळल्यास प्रवेशाचा फेरविचार करण्यात येईल.

जुलैत एका बुधवारी आमूला शाळेत पाठवता आलं नाही. रात्रभर तिचं पोट बिघडलेलं. सकाळी ती पांघरुणात मुटकुळं करून झोपली आणि मी डायरी घेऊन बसले. पहिला फटका वाराच्या रकान्यात बसला. बुधवारच्या इंग्रजी नावात मधे कुठेतरी एक डी आहे, तो उच्चारायचा नसतो, एवढंच मला आठवत होतं. कुठे आहे ते नाही. मी पहिली तीन अक्षरं लिहून टिंब दिलं. 'पूर्ण शब्दांत' ही सूचना मी वाचलीच नाही, असं ठरवलं.

मग कारण. जुलाब. मराठीत तीन अक्षरं, कान्यासकट. इंग्रजी शब्द मला ऐकून माहीत होता, बोलताही येत होता. कॅलेंडरच्या मागे लिहून बघितला. डी, आय, ए इथपर्यंत धीराने गेले. पुढे आर एक की दोन, एच कुठून येतो, आणि शेवटी ओ, ई, ए यांची जी काही मिरवणूक आहे तिच्यात पुढे कोण नि मागे कोण, काही कळेना.

"फोनमध्ये बघ ना," डबा भरता भरता सौरभ म्हणाला. सौरभ माझा नवरा. आजवर त्याने जे काही लिहिलंय ते फोनमध्ये बघूनच.

बघितलं. फोनने दोन स्पेलिंगं दाखवली. एक लांबलचक, दुसरं त्याहून एका अक्षराने आखूड. एक इंग्लंडचं, एक अमेरिकेचं. आमची इंटरनॅशनल शाळा या दोघांतल्या कुठल्या देशाची, ते डायरीत दिलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, चुकलं तर चुकलं, शाळा काय फाशी देते का? फाशी नाही देत. लाल गोल देते. आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वा राहते, तिचा रणजित आमूच्याच वर्गात. जूनमध्ये तिने त्याच्या डायरीत 'लूज मोशन' लिहिलं होतं. एक ओ कमी पडला. वर्गशिक्षिका अक्षता मिसनी त्याला लाल गोल केला. पूर्वाने दुसऱ्या वेळी दोन ओ घातले. पुन्हा गोल, आणि शेजारी शेरा, की हा शब्द घरगुती आहे, कृपया योग्य वैद्यकीय शब्द वापरावा, तोवर नोंद ग्राह्य धरली जाणार नाही.

"बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे गं मी," जिन्यात उभी राहून पूर्वा मला सांगत होती. "आणि चार वर्षांच्या पोराच्या वहीत मला लाल गोल! तो गाढव व्हॅनमध्ये सगळ्यांना दाखवत होता, माझ्या मम्माला मिसने बॉल दिला म्हणून."

तेव्हापासून मी ते पान उघडलंच नव्हतं.

माझे सासरे, अण्णा, खिडकीशी पेपर वाचत बसलेले. भीमराव हे त्यांचं नाव, कारखान्यात स्टोअरकीपर होते, चौतीस वर्षं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे आणि कॅलेंडरकडे पाहिलं.

"फीवर लिही," ते म्हणाले.

"ताप नाहीये अण्णा तिला."

"तुला कोण विचारतंय आहे का नाही? फीवर लिही. एफ, ई, व्ही, ई, आर. जेवढं ऐकू येतं तेवढंच लिहायचं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला फक्त फीवर झाला. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा फीवर. सौरभ झाला तेव्हा फीवर. माझ्या लग्नाला चार दिवस रजा घेतली, तेव्हाही फीवरच. आख्ख्या डिपार्टमेंटला एकच अर्ज होता, नवीन माणूस आला की उतरवून घ्यायचा."

"आणि साहेब काही म्हणायचे नाहीत?"

"साहेब काय म्हणणार? साहेबालाही तोच शब्द येत होता."

मी फीवर लिहिलं. अक्षर सुंदर आलं. सही केली आणि इतकं हलकं वाटलं, की जणू आमूचं पोटच बरं झालं.

दोन दिवसांनी ती शाळेतून आली ती बूट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आधी दोन्ही हात पाठीमागे बांधते.

"मम्मा, मिसने विचारलं, आम्रपाली फीवर झाला होता का? मी म्हटलं नाई, मला शी झाली. खूप शी झाली."

"मग?"

"मिस म्हणाली, आपण असं नाही बोलत. आपण म्हणायचं, आय हॅड फीवर." मग हळूच, "पण मला शीच झाली होती ना?"

मी तिला उचलून घेतलं. तिच्या मानेला खडूचा आणि चिक्कीचा वास येत होता. "हो गं बाळा, शीच झाली होती," मी म्हणाले. एवढं खरं मी निदान घरात बोलले.

पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. भाषा अर्थातच इंग्रजी. कुणी बोलत नाही असं नाही, पण जरा अवघड शब्दाचं वळण आलं की माणसं अंगठा दाखवून बाजूला होतात. वाढदिवसाचं आमंत्रण 'रिसीव्ह' झालं का, असं विचारण्यापेक्षा लोक फोन करतात. फेब्रुवारीतल्या वाढदिवसांचं तर जून महिन्यातच दोघींनी मला सांगून ठेवलंय, आम्ही नुसता आकडा टाकू म्हणून. ग्रुपवर निर्धास्त लिहिणारा एकच माणूस, अनिरुद्धचे बाबा, ऋषी. आयटीत आहेत, लांबच लांब वाक्यं लिहितात, मधे अर्धविरामसुद्धा देतात. अनिरुद्ध आजारी पडला की त्यांचा मेसेज येई. बाकी सगळं वेगवेगळं, शेवटचा शब्द फीवर. आम्ही सगळे तत्परतेने गेट वेल सून पाठवायचो. तो मजकूर फोन आपणहून लिहितो.

जुलै संपता संपता आमूचं पोट पुन्हा बिघडलं. मी पुन्हा ताप लिहिला. त्याच आठवड्यात रणजितचंही पोट गेलं. पूर्वा आणि मी जिन्यात बोललो.

"आपल्याच दोघींची पोरं अशी नाजूक कशी गं?" पूर्वा म्हणाली. "बाकीच्यांचं बघ, नुसता ताप येतो आणि उतरतो. किती व्यवस्थित."

मलाही तेच वाटलं होतं. जरा वाईटही वाटलं. ताप कसा, चारचौघांत सांगता येणारं दुखणं. आमच्या मुलीला मेलं तेही धड होत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेने पत्रक काढलं. डायऱ्यांची मोजदाद झाली होती. एकट्या आमच्या वर्गात सव्वीसपैकी एकोणीस मुलांना ताप. सगळ्या केजीचा मिळून आकडा साठाच्या वर. शाळेने हे प्रकरण फार गांभीर्याने घेतलं, हे मान्य करायला हवं. दर्शनी भागात पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा थर्मामीटर उभा राहिला, त्यात रोज लाल कागद वर चढायचा. त्याच्याभोवती क्रेप कागदाचे डास. 'डास आपला शत्रू' या विषयावर चित्रकला स्पर्धा झाली. आमूने डासाला फुलाफुलांचा फ्रॉक घातला म्हणून तिचा नंबर गेला. शनिवारी धूरफवारणीची गाडी आली. सोमवारपासून फाटकावर रखवालदार प्रत्येक मुलाच्या कपाळावर तापमापकाचं पिस्तूल रोखू लागला. ज्याला ताप नाही त्याच्या शर्टावर हिरवा ठिपका. रोज शंभर टक्के मुलांना हिरवा ठिपका मिळायचा आणि रोज थर्मामीटरमधला लाल कागद वर चढायचा. यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पाण्याची घंटा. तापात भरपूर पाणी प्यावं असं कुठल्याशा तज्ज्ञाने सांगितलं म्हणे. दिवसातून तीनदा घंटा व्हायची. मुलांनी ओळीने व्हरांड्यातल्या स्टीलच्या फिल्टरपाशी जायचं, मिससमोर पेला तोंडाला लावायचा आणि तळ दाखवायचा. घरची बाटली चालणार नाही, कारण मग कोण किती प्यायलं ते कळत नाही. दोन पेले पिणाऱ्याला 'हायड्रेशन हीरो' असं चमकतं स्टिकर.

आमू अतिशय आज्ञाधारक मूल आहे. तो गुण तिने माझ्याकडून घेतलाय आणि मला त्याची भीती वाटते. तिने एका आठवड्यात अकरा स्टिकरं मिळवली. फ्रिजच्या दारावर खालच्या बाजूला, तिच्या उंचीला, ओळीत लावली. रोज संध्याकाळी बोट ठेवून मोजायची, सात आलं की परत एकापासून.

अकराव्या स्टिकरच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती व्हॅनमधून उतरलीच नाही. व्हॅनवाल्या काकांनी उचलून आणली. तिचे डोळे आत गेले होते, ओठांवर पापुद्रे. हातात घेतली तर वजनच लागेना. मला आठवतं ते एवढंच, की मी रिक्षात तिचा अंगठा दाबून बघत होते आणि नखाखालचा गुलाबी रंग परत यायला वेळ लागत होता.

मुलांच्या दवाखान्यात तिला सलाइन लावली. हातावर पट्टी, पट्टीवर नर्सने काढलेला हसरा चेहरा. ती झोपली, तेव्हा मी मान वर केली. शेजारच्या खाटेवर अनिरुद्ध, आणि खाटेच्या कडेवर, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, ऋषी.

"अहो, तुमच्याकडेही ताप का?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, फीवरच," ते म्हणाले.

तेवढ्यात अनिरुद्ध उठून बसला. "बाबा, परत!" ऋषींनी एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने सलाइनचा स्टँड उचलला आणि बाथरूमकडे धावले. दहा मिनिटांनी आले. मी घड्याळ बघत होते. वीस मिनिटांनी परत धावले.

"याला फीवर फारच वेळा होतोय हो," मी म्हणाले.

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग आमूच्या सलाइनकडे. मग खाली बसले.

"डायरीत काय लिहिलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलंत तेच."

"आम्रपालीच्या आई, खरं सांगू का? मी दिवसभर क्लायंटशी इंग्रजीत बोलतो. लिहिताना चुकलं की कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारतो, मी तिच्यावर क्लिक करतो, झालं. पेन हातात धरायची वेळ या शाळेनेच आणली. त्या एका शब्दापाशी मी कारमध्ये पंधरा मिनिटं बसलो होतो. व्हॅन निघून गेली."

"पण ग्रुपवर तर तुम्ही..."

"ग्रुपवर मी क्लिक केलेलं असतं."

डॉक्टरबाई फेरीला आल्या. केसपेपरवर त्यांनी 'एल एम' अशी दोन अक्षरं लिहून पुढे फुली आणि आठचा आकडा काढला, म्हणजे लूज मोशन आठ वेळा. पूर्ण शब्द त्यांनीही लिहिला नाही. पण त्यांना कुणी डायरी दिलेली नव्हती.

"पंधरा दिवसांतलं त्या शाळेचं हे नववं मूल," त्या म्हणाल्या. "मी प्रत्येक पालकाला सांगितलं, शाळेला कळवा म्हणून. कुणीच कळवलं नाही का?"

"कळवलं ना," मी म्हणाले.

"काय कळवलं?"

मी ऋषींकडे पाहिलं. ते अनिरुद्धची चादर सारखी करत होते.

"ताप," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "पाणी दूषित आहे तिथलं, दुसरं काय असणार? टाकी बघायला सांगा. डासांना कशाला मारताय, ते बिचारे काय करतायत?"

अण्णा दारात उभे होते. घरून भाताची पेज घेऊन आले होते, त्यांनी सगळं ऐकलं असावं. डबा माझ्या हातात दिला आणि आमूच्या पायाशी बसले. तिची पावलं दोन्ही हातांत धरून.

"मी रजा घ्यायचो तेव्हा माझ्या फीवरने कुणाचं काही बिघडत नव्हतं गं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. आमू जागी झाली तेव्हा तिने पहिल्यांदा मलाच विचारलं, आज पाणी प्यायले नाही तर मिस स्टिकर देईल का. मला बाहेर जावं लागलं.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर पहिल्यांदा मराठीत लिहिलं. 'माझ्या मुलीला ताप नाही, जुलाब आहेत. अनिरुद्धलाही तेच आहेत. आणखी कुणाच्या मुलाला?' अडतीस जणांनी वाचलं. मग ग्रुपच्या प्रमुख बाईंचा मेसेज आला, की सर्वांच्या सोयीसाठी कृपया इंग्रजीतच लिहावं. त्याखाली सात जणांनी हात जोडले.

सौरभ फोन हातात घेऊन माझ्याजवळ बसला. "अपेक्षा, ती खालची बारीक सूचना वाचलीस ना? खोट्या कारणाची? तू एकटी पुढे झालीस तर सही तुझी एकटीची निघेल. अ‍ॅडमिशन गेली तर वर्षाच्या मधे कोण घेणार तिला?"

"आणि पुढे नाही झाले तर?"

त्याने फ्रिजच्या दाराकडे बघितलं. "शनिवारी पालकसभा आहे," तो म्हणाला. "माझी ड्यूटी आहे. अण्णांना घेऊन जा."

शनिवारी हॉल गच्च भरला होता. आमूला घरी ठेवणार होते, पण ती माझा ओढणीचा पदर सोडेना. मांडीवर बसली, चार दिवसांत माझ्या मांडीला ती पुन्हा दोन वर्षांची झाल्यासारखी वाटत होती. एका बाजूला अण्णा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दुसऱ्या बाजूला पूर्वा.

प्राचार्य मॅडम सभेत इंग्रजीतच बोलतात. पडद्यावर थर्मामीटर आला. मॅडमनी सांगितलं की शाळेने डासांविरुद्धच्या लढाईत मोठी मजल मारली आहे, तरीही तापाचा आकडा वाढतो आहे, तेव्हा फवारणीची दुसरी फेरी होईल. "अँड फ्रॉम मंडे," मॅडम हसून म्हणाल्या, "वॉटर बेल, फाइव्ह टाइम्स अ डे!"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या मांडीवरून पट्टी लावलेला एक हात वर गेला.

"मी पिणार!" आमू म्हणाली.

सगळे कौतुकाने हसले. मी उभी राहिले. उभी राहायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप सरळ झाले.

"मॅडम, माझ्या मुलीला ताप नव्हता."

"सॉरी?"

"ताप नव्हता. जुलाब होते. तिन्ही वेळा. परवा दवाखान्यात ठेवलं होतं."

मॅडमनी अक्षता मिसकडे पाहिलं. मिसनी हातातली यादी चाळली. "मॅम, दोन एन्ट्री आहेत. दोन्ही फीवर. पेरेंटची साइन आहे."

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. "खोटं लिहिलंय."

"बट व्हाय?" मॅडमना खरोखरच कळत नव्हतं.

"कारण मला त्या शब्दाचं स्पेलिंग येत नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. तो त्या तीन महिन्यांतला शाळेतला पहिला खरा ताप असावा. मला वाटलं आता खाली बसावं, पण आमू माझ्या कमरेला धरून उभी होती आणि वर माझ्याकडे बघत होती.

"दवाखान्यात या शाळेची नऊ मुलं आली," मी म्हणाले. "सगळ्यांची पोटं बिघडलेली. डॉक्टर म्हणतात पाणी दूषित आहे. टाकी बघा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, की असा तोंडी आरोप करता येत नाही, त्याचा फॉर्म आहे. "राइट इट डाउन. इन इंग्लिश, प्लीज. देन वी कॅन प्रोसेस इट."

शिपायाने फॉर्म आणून दिला. 'तक्रारीचं स्वरूप' या रकान्यासमोर पेन धरून मी उभी राहिले. मग फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आम्रपाली, ज्युनिअर केजी, बी. जुलाब.' तारखा घातल्या, आठवत होत्या त्या सगळ्या. सही केली.

"आण इकडे," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली, आजोबा असं लिहून. मग मागे वळून सभेकडे तोंड केलं. चौतीस वर्षं स्टोअरमध्ये माणसांना रांगेत उभं करायची त्यांना सवय. "हा बघा, कागद इथे आहे. मराठीत लिहायचं. ज्याच्या घरी खरंच ताप होता त्याने बसून राहावं. बाकीच्यांनी या."

पहिल्यांदा पूर्वा आली. "रणजित. जुलाब," तिने लिहिलं आणि जुलाबाखाली दोन रेघा मारल्या. मग ऋषी. त्यांचं मराठी अक्षर लहान मुलासारखं होतं, गोल गोल. मग हळूहळू खुर्च्या सरकू लागल्या. मागे हसलेले गृहस्थही आले, त्यांची जुळी होती. ग्रुपच्या प्रमुख बाई शेवटून तिसऱ्या आल्या. कागद भरला तेव्हा एकतीस नावं झाली होती. चौघांच्या मुलांना खरोखरच ताप आलेला निघाला. ते बसल्या जागी जरा ओशाळल्यासारखे झाले होते.

मॅडमनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. घाबरल्या, हे मला दिसलं, आणि त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. त्या तशाच ऑफिसात गेल्या आणि आम्ही दहा-बाराजण त्यांच्या मागोमाग दारात. संस्थेला आणि महापालिकेला ताबडतोब पत्र पाठवायचं होतं. मॅडम उभ्या उभ्याच क्लार्कला मजकूर सांगू लागल्या. क्लार्कची बोटं भराभर चालली होती. एका ठिकाणी थांबली.

"मॅडम, स्पेलिंग?" त्याने विचारलं.

"टाका ना, खाली रेघ येईल ती बघून."

"नेट बंद आहे मॅडम सकाळपासून. आणि हे जुनं मशीन आहे, यात रेघ येत नाही."

मॅडमनी अक्षता मिसकडे पाहिलं. "डी, आय, ए," मिस म्हणाल्या. तेवढ्यावरच थांबल्या. मिस आपल्या हातातल्या लाल पेनाचं टोपण घालत होत्या आणि काढत होत्या. आम्हाला काय, आम्ही लेखी देऊन मोकळे झालो होतो. कुणाकुणाच्या खिशात फोन होते. एकानेही बाहेर काढला नाही.

"मॅडम, सध्या फीवर टाकू का?" क्लार्कने मदत म्हणून विचारलं.

"नको!" मॅडम इतक्या जोरात म्हणाल्या की आमू दचकली. त्यांनी कपाळ पुसलं. "लेट द लेटर बी. फर्स्ट ओपन द टँक. नागोराव कुठे आहेत?"

नागोराव शाळेचे प्लंबर. नळ, कड्या, बाकांचे खिळे, सगळं तेच बघतात. त्यांनी मागच्या भिंतीला लावलेली लोखंडी शिडी धरली. खाली अण्णांना बघून "जय भीम, साहेब" म्हणाले आणि सरसर वर गेले. आम्ही सगळे आवारात माना वर करून उभे. गच्चीवरून काही वेळ पत्रा खडखडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

कठड्यावर नागोरावांचं डोकं दिसलं. त्यांनी नाकावर गमछा धरला होता.

"काय आहे, नागोराव?" मॅडमनी खालून विचारलं. "रिपोर्ट लिहून द्या मला."

"झाकण नाहीये मॅडम. गॅदरिंगचा जुना फ्लेक्स अंथरलाय वर, तोही आत पडलाय."

"आणि आत काय आहे?"

"ते इथनं ओरडून सांगण्यासारखं नाही. लहान पोरं आहेत खाली."

"मग लिहून..."

"मॅडम," नागोराव म्हणाले, "तुम्ही वर या. मी दाखवतो."

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी सँडल काढून भिंतीला लावून ठेवल्या, साडीचा पदर खोचला आणि पहिल्या गजावर पाय ठेवला. अण्णांनी पुढे होऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चढा ताई, हलत नाही," ते म्हणाले. मधे एकदा त्या थांबल्या. खाली पाहिलं, डोळे मिटले आणि परत चढू लागल्या. आमू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून सगळं बघत होती.

त्या कठड्यापलीकडे दिसेनाशा झाल्या. नदीपलीकडून लोकलचा भोंगा ऐकू आला.

"अगं आई गं!" वरून मॅडमचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "नागोराव, आधी नळ बंद करा. सगळे, सगळे बंद करा!"